पुढचं घर

मरियामातेची मूर्ती तान्ह्या लेकरासारखी उराशी धरून रेजिना निघाली. जपमाळेच्या महिन्यात वाडीतलं रोज एक घर ही मूर्ती पुढच्या घरी पोचवतं. रेजिनाच्या पुढचं घर थोरल्या जावेचं. विहिरीच्या पाण्यावरून बिनसल्यापासून रेजिना दरवर्षी ते घर टाळून मूर्ती पलीकडे देई. जपमाळ मात्र तिची कधी चुकली नव्हती.

आज दिवे गेले होते. केळीच्या बागेत पाचोळ्याचा धूर तरंगत होता. रेजिना झोपेत असल्यागत चालत राहिली आणि मेणबत्ती दिसली त्या ओट्यावर चढली.

दारात जाऊ उभी होती. चौरंगावर पांढरं कापड, त्यावर अबोलीचा हार.

"मी येणार, हे तुम्हाला कोणी सांगितलं, वहिनी?"

"कोणी नाही गं," जावेने हात पुढे केले. "मी दरवर्षीच मांडून ठेवते."