चौऱ्याहत्तरची टेप

त्या रविवारी डॅडनी नेव्हिलच्या बँडच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या मैफलीची टेप फळं सुकवायच्या यंत्रात ठेवली होती. जुनी टेप अशी शेकल्याशिवाय वाजत नाही.

"आज जेवायला काय?" मी विचारलं.

"नेव्हिल. मंद आचेवर," ते हसले.

दुपारी आम्ही दोघांनी ती ऐकली. "लोकांना ऐकवा ना," मी म्हणाले.

"राहू दे. त्याच्या पोटावर पाय कशाला?"

सोमवारी डॅड गेले.

ते बँडचे ध्वनिमुद्रक होते. लीड्सची ती मैफल पडली, आणि गायक नेव्हिल जन्मभर सांगत राहिला की क्लिफने, म्हणजे डॅडनी, आवाजाची वाट लावली. डॅडना पुन्हा कुणी काम दिलं नाही.

दफनाच्या दिवशी नेव्हिल म्हणाला, "पोरी, ती टेप दे. अल्बम काढू. क्लिफचा घोळ स्टुडिओत निस्तरता येईल."

मी टेप दिली. करारात एकच अट घातली: एक सूरही बदलायचा नाही.

"बापाची अब्रू तूच वेशीवर टांगतेस!" तो हसला, आणि टेप न ऐकताच सही करून मोकळा झाला.

प्रकाशनाच्या दिवशी भरल्या सभागृहात पहिलं गाणं वाजलं. ड्रम, गिटार, सगळं लख्ख. टाळी मात्र एकही नाही.

नेव्हिल माझ्याकडे वळला. "क्लिफने हे काय करून ठेवलंय?"



"डॅडनी फक्त रेकॉर्ड केलं, नेव्हिल काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बेसूर तुम्ही गायलात."