एकदाच गायची मुभा

माइकच्या चाचणीला माणूस सासरी असल्यासारखा बोलतो आणि गाताना माहेरी पोचतो, हे लेकाला कळायला हवं होतं. आई चाचणीला पुटपुटली, म्हणून त्याने रेकॉर्डिंगची लेव्हल चढवून ठेवली. उद्या तिच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहीलच असं नाही. डॉक्टरांनी एकदाच गायची मुभा दिलेली. वरच्या सुराला आवाजाचा मीटर लाल झाला, रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटला. “तुझा तो कॉम्प्रेसर लाव की! कशाला घेतलाय?” बाबा कुजबुजले. “तो मोठा आवाज आवरतो, बाबा. फाटलेला शिवत नाही.” “कसं आलंय?” आईने विचारलं. “झकास!” “खोटं बोलताना तुझा आवाज चढतो. लेव्हल उतरव, पुन्हा गाते.” “आई, डॉक्टर…” “त्यांना सूर कळतो?” त्याने लेव्हल उतरवली. आईने डोळे मिटले, श्वास घेतला, ओठ उघडले. मीटर हललाच नाही. “लेव्हल जरा वाढव रे,” बाबा म्हणाले.