सहलेखिकेची संमती

“लेखकांच्या यादीतून मुलीचं नाव काढलंत, तर नंबर आजच मिळेल,” ग्रंथपाल म्हणाला.

“नाव राहू दे,” बाई म्हणाल्या.

ग्रंथपालाने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या या बाई आठवडाभर ग्रंथालयात खेटे घालत होत्या. शहराबाहेरच्या तळ्यातल्या पाण्याचं अकरा वर्षांचं रोजचं तापमान त्यांच्याकडे होतं. त्या नोंदींना त्यांना डीओआय हवा होता, म्हणजे कायमचा नंबर. नोंदी उद्या कुठल्याही संगणकावर हलवल्या, तरी नंबर टाकला की सापडणारच. पण प्रत्येक सहलेखकाची संमती लागते, आणि इथे सहलेखिका होती मुलगी. शाळेला जाण्याआधी थर्मामीटरची दोरी पाण्यात तीच सोडायची.

मायलेकींचं चार वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत मुलगी वेळेवर पोचली नाही. “आता येऊच नकोस,” बाई फोनवर म्हणाल्या. रागात माणूस वाट्टेल ते बोलतो. पण मुलगी आकड्यांसारखीच शब्दांनाही पक्की. आली नाही. पुढे तिचा फोन बदलला, घर बदललं. बाईंनी मैत्रिणींकडे निरोप ठेवले, दिवाणखान्यातला फोन वाजला की धावत जायच्या. आवाज दुसऱ्याच कुणाचा असायचा.

ग्रंथपालाला मात्र ती पाच मिनिटांत सापडली. तीही आता संशोधक होती, आणि नोकऱ्या कितीही बदला, संशोधकाचा ओळख क्रमांक बदलत नाही. “पत्ता तुम्हाला देता येणार नाही, मेल ग्रंथालयाकडूनच जाईल,” त्याने बजावलं होतं. “सोबत तुमचा तक्ता, खाली ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ अशी दोन बटणं, आणि काही लिहायचं असेल तर एक चौकोन. चौकोनात कुणी काही लिहीत नाही म्हणा. ‘मान्य’ दाबतात आणि मोकळे होतात.”

ते ऐकून बाईंनी तक्ता परत एकदा तपासायला म्हणून घरी नेला होता. मेल गेला त्याला आज सहा दिवस झाले. रोज सकाळी दार उघडताच बाई हजर. नंबराची एवढी घाई कुणाला असते, हे कोडं ग्रंथपालाला सुटत नव्हतं.

तेवढ्यात उत्तर आलं. ग्रंथपालाचा चेहरा पडला.

“अमान्य म्हणते हो.”

“चौकोनात काही लिहिलंय?” बाई टेबलावर पुढे झुकल्या.

त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

‘आई, ऐन थंडीत पाणी एकतीस अंश? तळं काय गॅसवर ठेवलं होतंस? तेरा होतं. माझी बोटं बधिर झाली होती, तू ती तुझ्या स्वेटरमध्ये धरून बसली होतीस. इतकी ढोबळ चूक तू करत नाहीस. बरी आहेस ना? खाली माझा फोन नंबर देतेय.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला, डोळे तसेच राहू दिले.

“मॅडम, घरी नेऊन तपासलात, तरी आकडा उलटा पडला?” ग्रंथपाल हळहळला.

“पडला नाही, मी पाडला,” बाई म्हणाल्या. “नाहीतर तिने नुसतं ‘मान्य’ दाबलं असतं.”