पायगुण

रविवारी पुण्याच्या मोठ्या साहेबांबरोबर गोल्फ खेळायचं, म्हणून रांजणगावच्या फॅक्टरीतले साहेब सुट्टी झाली की केबिनातल्या गालिच्यावर चेंडू ढकलत बसायचे. समोर चहाचा ग्लास आडवा धरून उकिडवा बसायचा शिपाई जालिंदर.

आज राहू गावाला जालिंदरसाठी पोरगी बघायचा कार्यक्रम होता आन् त्याचा मामा गेटवर जीपचा हॉर्न बडवत होता.

"साहेब, पाव्हणं वाट बघत्यात वो! आधीच दोन ठिकाणी न्हाई म्हणल्यात."

"एक चेंडू आत जाऊ दे, की सुटलास!"

पण चेंडू कवा टेबलाखाली, कवा कपाटाखाली. अशानं तर जालिंदर म्हातारपणीच बोहल्यावर चढला असता. पुढचा चेंडू बाजूला वळायला लागला तशी त्या बहाद्दरानं पायाच्या अंगठ्यानं गालिच्याची कड हळूच उचलली आन् चेंडू गपकन ग्लासात! साहेब जागेवर नाचायलाच लागले.


"जालिंदर, हा सगळा तुझा पायगुण! आता रविवारपर्यंत तू इथून हलायचंच नाही!"