जावयाने आणलेलं हलकं रिव्हॉल्व्हर

पहिलाच बार झाला आणि व्हर्लीनबाईंचे दोन्ही हात कपाळापर्यंत उडाले. सात पावलांवर खांबाला ठोकलेली कागदी थाळी होती तशीच पांढरीशुभ्र राहिली. गोळी मागे, जुन्या कोळशाच्या खाणीच्या कड्यात कुठेतरी घुसली. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यातून मात्र रक्त आलं होतं.

"अगं आई गं!" म्हणत त्यांनी रिव्हॉल्व्हर पिकअपच्या मागच्या उघड्या फळीवर ठेवलं, सॉसेज-बिस्किटांच्या डब्याशेजारी, आणि हात झटकला.

"असं कसं झालं?" त्यांचा जावई लॉनी खरंच चक्रावला होता. "दुकानातलं सगळ्यात हलकं होतं ते, आई. मुठीत मावतं. खास बायकांसाठी म्हणून मुद्दाम घेतलं मी."

"अरे, हत्यार जड असलं की अर्धा दणका ते स्वतःच गिळतं," त्यांची लेक ट्वायला म्हणाली. ती शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत नव्या पोरांना नेमबाजी शिकवायची, आणि ही भेट आणताना नवऱ्याने तिला विचारलंही नव्हतं. "हे इतकं हलकं, वर त्यात मॅग्नमची, जास्त दारूची काडतुसं. सगळा दणका हाताला."

अमेरिकेत केंटकीच्या त्या डोंगरावर व्हर्लीनबाई एकट्या राहत. उन्हाळ्यात भटक्या कुत्र्यांनी अंगणात शिरून त्यांच्या अकरा कोंबड्या फाडल्या, आणि शेरीफची गाडी खालून वर यायला चाळीस मिनिटं लागतात. तेव्हा लेकीने अट घातली होती : खिशात मावेल अशा रिव्हॉल्व्हरने जेवढ्या गोळ्या तेवढी भोकं थाळीला पाडून दाखव, नाहीतर थंडीच्या आधी आमच्याकडे राहायला ये. लॉनीने तर खोलीला पिवळा रंगही देऊन ठेवला होता. बाईंना कुत्र्यांपेक्षा त्या पिवळ्या खोलीची धास्ती जास्त होती.

ट्वायलाने तेवढंच छोटं, पण मॅग्नमपेक्षा सौम्य अशा थर्टी-एट काडतुसांचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि पाठ फिरवून भरलं. सगळ्यांनी कानांवर आवाज अडवणारी टोपणं पुन्हा चढवली. बाईंनी दोन बार काढले. दोन भोकं पडली, एक अगदी काठाला. तळहात झिणझिणत होता. तिसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतंच 'टिक्' झालं. धूर नाही, दणका नाही, तरी नळी खाली झुकली आणि बाईंचे डोळे गच्च मिटलेले.

"चक्राच्या त्या घरात मी वाजलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घातली होती," ट्वायला टोपण खाली घेत म्हणाली. "आमच्या पोरांना असंच पकडतो आम्ही. दणका यायच्या आधीच घाबरलीस तू, आई."

"घाबरतं माझं पायताण! एकाहत्तर वर्षांची झाले मी, मला..." बाई मनगट चोळत कड्याकडे बघत राहिल्या. लॉनीलाही वाईट वाटलं. माणूस भला होता, फक्त भलेपणा भलत्या वेळी करायचा.

"खोलीत टीव्ही पण मोठा लावलाय, आई," तो हळूच म्हणाला.

बाई ताडकन वळल्या. "ट्वायला, तू स्वतः काय बांधतेस गं पायाला?"

ट्वायला जरा लाजली. पँट वर करून तिने घोट्याजवळच्या पट्ट्यातून एक रिव्हॉल्व्हर काढलं. तेवढंच लहान, तेवढंच हलकं. "थर्टी-टू. काडतूस बारकं असतं याचं. कचेरीत चिडवतात मला यावरून."

"खेळणं आहे ते," लॉनी म्हणाला.

"मग द्या की म्हातारीला खेळायला."

सहा घरांपैकी एकात पुंगळी होती. कोणत्या, ते फक्त ट्वायलाला माहीत. बाईंनी श्वास घेतला आणि चाप ओढला. हात जागचे हलले न हलले. "अरेच्चा!" बाई म्हणाल्या आणि लागलीच दुसरा बार, तिसरा बार. चौथ्यांदा टिक् झालं. ट्वायला डोळे रोखून नळीकडेच बघत होती. नळी तसूभरही हलली नाही. मग उरलेले दोन.

पाच गोळ्या, पाच नवी भोकं, सगळी एका बशीखाली झाकली जातील एवढी जवळ. बाईंनी रबरी बूट आपटत जागच्या जागी गिरकी घेतली.

"ते ठीक आहे हो," लॉनी म्हणाला, "पण मॅग्नम ती मॅग्नम. कुत्रं एका गोळीत आडवं होईल."

"लागली तर ना, जावईबापू! तुम्हीच बघा की वाजवून. खास पुरुषांसाठी आहे का ते तरी कळेल."

ट्वायलाने पुन्हा पाठ फिरवून ते मॅग्नमवालं भरलं. पहिल्या बाराला लॉनी हसला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हसला. गोळी थाळी सोडून खांबाला लागली होती. दुसऱ्या बाराला तो हसला नाही. तिसऱ्यांदा टिक् झालं. नळी थेट जमिनीकडे, खांदे कानांशी, डोळे मिटलेले आणि जीभ दातांत. पुंगळीची गंमत आत्ताच दोनदा पाहिलेला हा एवढा धिप्पाड माणूस त्या टिक्-ला दचकला.

लॉनीने एक डोळा किलकिला केला.

"झाला का बार?"

ट्वायला हसता हसता फळीवर आडवी झाली. बाईंना उचक्या लागल्या. शेवटी लॉनीही हसायला लागला, सुजलेला अंगठा तोंडात धरून.

पिकअप बाईंचीच, पण सकाळी त्याने चालवत आणली होती. आता त्याला धड किल्लीही धरवेना. बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला आणि गाडी सुरू केली.

"बसा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आधी तुम्हाला तुमच्या घरी सोडते. मग मी जाते माझ्या घरी."