निळ्या डोळ्याचा बिल्ला

वर्गात हजेरी देतानाही माझी जीभ अडखळते, पण कॉमिकच्या चाहत्यांच्या ग्रुपवर मी दोन वर्षं एका मुलाशी घडाघडा बोलत होते. तिथे त्याचं टोपणनाव घुबड, माझं खारूताई. त्याच्या मेसेजशिवाय माझा दिवस उजाडायचा नाही. भेटायचं ठरलं तेव्हा दोघांची खूण एकच: बाटलीच्या झाकणावर निळा डोळा रंगवून केलेला, कॉमिकमधल्या चोरांचा बिल्ला. वाचनालयाच्या कँटीनमध्ये तो दिसला. बिल्ला शर्टावर, पिशवी समोरच्या खुर्चीवर. मी पटकन खांबामागे सरकले. तिथूनच मेसेज केला, "ताप आलाय रे, घरीच आहे." वाचून त्याने चष्मा पुसला आणि लिहिलं, "बरं झालं. मीपण घाबरून निघालोच नाही." थापाड्या कुठला! तेवढ्यात एका काकूंनी विचारलं, "खुर्ची घेऊ का?" त्याने घाईघाईने पिशवीवर हात ठेवला. "नाही काकू, कुणीतरी येतंय." माझा बिल्ला मुठीत रुतत होता.