मागचं डावं दार

चौथ्यांदा त्याच दाराचा फोटो मागितला, तेव्हा वाहेदनं कपाळाला हात लावला. मागचं डावं दार. "अजून जवळून काढता का?" असा मेसेज कोईमतूरहून आला होता. बाईचं नाव निवेदिता. बाकी गाडीबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. इंजिन कसं आहे, कागदपत्रं आहेत का, काही नाही. भावातही घासाघीस नाही. चौकशी फक्त त्या एका दाराची, आणि दारावर होत्या तीन रेघा.

वाहेद देऊळघाटचा. जुन्या गाड्यांचा पत्रा ठोकायचा, रंगवायचा आणि मोबाइलवरून दूरदूरच्या शौकीन लोकांना विकायचा. आठ वर्षांत गिऱ्हाइकाशी तो एकदाही खोटं बोलला नव्हता. गंज असला तर आधी गंज दाखवायचा. तरी दोन महिन्यांपूर्वी इंदूरच्या एका शेठनं बोनेटवरचा नखाएवढा पोचा शोधला आणि गाडी आल्या ट्रकनं परत धाडली. वर जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर लिहिलं, देऊळघाटवाला फसवतो. तेव्हापासून एक फोन नाही. ही आकाशी फियाट त्यानं सुलतानपूरच्या किसनरावांच्या कडब्याच्या शेडमधून ओढून आणली होती. हीसुद्धा परत आली, तर शटर खाली ओढून घरी बसायचं. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, गौसियालाही ठाऊक होतं.

त्यानं फोटो काढला. इतक्या जवळून, की पडद्यावर तीन आडव्या रेघा तेवढ्या मावल्या. लांबून काढलेल्या फोटोत त्या दिसतच नव्हत्या. फोटो धाडून तो दारापुढं उकिडवा बसला. एकीच्या वर एक, सरळ, किल्लीनं ओढल्यासारख्या. कोण्या वाह्यात पोराची करामत असणार.

"बाई इथं अडकली," तो गौसियाला म्हणाला. "या रेघाच तिच्या डोयात सलून राह्यल्या."

"मिटवा म्हनली का ती?"

"चार डाव फोटो मांगते. अजून काय सांगा लागते?"

तीन दिवस तो त्या दारावर बसला. रंग पत्र्यापर्यंत खरवडला, पुट्टी भरली, ती सुकू दिली, पाणी मारून घासली. डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि केसाएवढा उंचवटा लागला तरी पुन्हा घासायचा. जुना आकाशी रंग हुबेहूब जमवायला अख्खा एक दिवस गेला. शेवटी दारात स्वतःचं तोंड दिसायला लागलं, तेव्हा कुठं त्याचा जीव थंड झाला. बाईला यातलं काही कळवलं नाही. गाडी उतरल्यावर पाहून खूश होईल म्हणाला.

गाडी ट्रकवर चढवून कोईमतूरला धाडली आणि पाचव्या दिवशी तिकडून व्हिडिओ कॉल आला. वाहेदनं गौसियाला हाक मारून शेजारी बसवलं. तिकडं फोन ट्रकच्या ड्रायव्हरनं धरला होता. पन्नाशीची, पिकल्या केसांची बाई गाडीकडं येताना दिसली. समोरून चकाकणाऱ्या गाडीवर तिनं नजरही टाकली नाही. सरळ मागच्या डाव्या दाराशी गेली आणि थांबली. खाली वाकली. उजव्या बाजूला जाऊन तिकडचंही दार पाहून आली.

"रेघा कुठं आहेत?"

"काढल्या, ताई," वाहेद खुशीत म्हणाला. "मुळापासून. आता भिंग लावून पाहा, सापडाच्या नाहीत."

बाई चाकाला टेकून खाली जमिनीवरच बसली. गौसियानं वाहेदच्या दंडाला धरलं.

"ही आमचीच गाडी," बाई म्हणाली. "माझे मिस्टर बँकेत होते. दरवर्षी कुठंतरी बदली. घर बदलायचं, भिंती बदलायच्या. मुलाची उंची लिहायची कुठं? म्हणून वाढदिवसाला गंधारला या दाराशी उभं करायचो आणि डोक्यावर रेघ मारायचो." तिनं बसल्या जागी दारावर बोट टेकवलं. "तीन वाढदिवस झाले त्याचे. तो गेला तेव्हा मी दवाखान्यात होते. मला बघवणार नाही म्हणून यांनी तेवढ्यात गाडी विकून टाकली. बावीस वर्षं शोधत होते मी."

वाहेदला वाटलं, आपले हात कुठंतरी नेऊन टाकावेत. "एक डाव बोल्ल्या असत्या, ताई," तो कसाबसा म्हणाला. "म्या बोटसुद्धा लावलं नसतं."

"बोलता आलं नाही. आजवर कुणाशीच नाही बोलता आलं."

"फोटो हायेत ना पन?"

"आहेत. त्यात नुसत्या रेघा आहेत. जमिनीपासून किती, ते नाही कळत." ती उठली. तळहात दारावर आडवा धरला. "तुम्ही स्वतः घासलंत ना? मग तुम्हाला आठवत असेल. सगळ्यात वरची कुठं होती? इथं?"

वाहेद पडद्याकडं बघत राहिला. दार कोरं होतं. एवढं कोरं, की नजर कुठं टेकवावी तेच कळेना. त्यानं आठवायचा फार प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही.

बाईनं हात बोटभर वर सरकवला. "की वर?" तिनं विचारलं.

"जरा खाली," वाहेद म्हणाला. हात खाली आला. "अजून जरासा. बस. तिथंच."

तिनं दुसऱ्या हातातली किल्ली टेकवली आणि नव्या रंगावर रेघ ओढली. मग किती तरी वेळ त्या रेघेकडं बघत राहिली.

"एवढा होता?"

"हाव, ताई," वाहेद म्हणाला. "एवढाच होता."